शटरभाऊंची मुकी तबकडी

शटरभाऊ हातात आलेला कॅमेरा आधी डोळ्याला लावत नसत, कानाला लावत. डोळे मिटून, मान थोडी कलती करून खटका दाबत, चावी देत, पुन्हा दाबत. त्या वेळी बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं खोकलेलंसुद्धा त्यांना खपत नसे. मग डोळे उघडून एखाद्या नातेवाइकाची तब्येत सांगावी तसं सांगत, "हा सुस्तावलाय," नाहीतर "याला उगी घाई झालीय." कॅमेरा बिघडला असं ते कधी म्हणाले नाहीत. त्यांच्या मते यंत्र खोटं बोलत नसे, फक्त थकत असे.

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलापासून जवळच एका बोळात त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. 'येथे कॅमेऱ्याचे शटर तपासून मिळेल' अशी पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. त्यातला 'कॅमेऱ्याचे' हा शब्द उन्हानं उडून गेला, तेव्हा मोंढ्यातल्या एका अडत्याचा माणूस धावत आला, "शेठच्या दुकानाचं शटर अडकलंय, जल्दी चला." शटरभाऊ गेले आणि शिडीवर चढून ग्रीस लावून आले. मी हसले तर म्हणाले, "अडकलं व्हतं ना ताई. मंग काय न्हाई म्हणायचं?" तेव्हापासून अर्धं गाव त्यांना शटरभाऊ म्हणू लागलं. खरं नाव पोस्टमनलाच ठाऊक असावं.

मी घनसावंगीची. माझ्या यजमानांचा तिथं लहानसा फोटो स्टुडिओ होता. ते तापाचं निमित्त होऊन अचानक गेले आणि त्यांचा दोन भिंगांचा जुना पेटी कॅमेरा माझ्या हाती आला. स्टुडिओ विकून टाका असं सासरचे म्हणत होते. मी हट्टानं चालू ठेवला, पण माझे फोटो बिघडायला लागले. चेहरे पांढरेफटक येत, कडा हललेल्या. बाईच्या हाताला स्थिरता नसते, असं लोक माझ्या तोंडावर म्हणू लागले, आणि हळूहळू मलाही ते पटायला लागलं. शेवटचा उपाय म्हणून एसटीनं जालन्याला गेले आणि कॅमेरा शटरभाऊंसमोर ठेवला. त्यांनी ऐकलं, आणि कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमचा हात बराबर हाय. ह्याचाच पडदा उशिरा मिटतो." त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं स्टुडिओ चालवला.

कानाचा निकाल ते लगेच सांगत, पण त्यावर काम करत नसत. आतल्या खोलीतून एक जुना विजेवरचा रेकॉर्ड प्लेअर आणत. त्यावर एक तडा गेलेली तबकडी होती, तिच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका. तबकडी फिरू लागली की ते कॅमेऱ्यात फिल्मचा तुकडा घालून तिचा फोटो काढत. फिल्म धुतल्यावर ठिपक्याच्या जागी वाकडी रेघ दिसे. पडदा जितका वेळ उघडा राहिला तितकी रेघ लांब. मग शाळकरी मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून ते रेघ मोजत, पुन्हा कॅमेरा उघडत, साफ करत, पुन्हा फोटो काढत. रेघ मनासारखी येईस्तोवर कॅमेरा परत मिळत नसे. कितीही मोठा माणूस घाई करू देत, ते म्हणत, "तुम्ही चहा पिऊन या."

त्या रेकॉर्ड प्लेअरची सुई मी कधी टेकलेली पाहिली नाही. तिची दांडी दोऱ्यानं बांधून ठेवलेली असे. तबकडी आपली मुक्यानं गरगरत राही आणि खोलीत फक्त मोटारीची घरघर. एकदा मी विचारलं, "भाऊ, एखादं गाणं तरी लावा." ते म्हणाले, "सुई टेकली की तबकडीला जड होतं. मंग मोजमाप चुकतं."

घरात दुसरं कुणी दिसत नसे. पहिल्या भेटीत पाणी त्यांनीच आणून दिलं आणि संकोचून म्हणाले, "मंडळी जांबला गेलीय." जांब समर्थ आमच्या घनसावंगीजवळचं, म्हणून मला उगाच आपलेपणा वाटला. पुढच्या खेपेलाही मंडळी जांबलाच गेलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षीही. मागच्याच आठवड्यात एसटीत बसवून दिल्यासारखं ते सांगत. दोरीवर एकाच माणसाचे कपडे, ओट्यावर एकच ताट. काही वर्षांनी मी विचारायचं सोडलं, पण त्यांनी सांगायचं सोडलं नाही.

मग एकदा जांबच्या शाळेतून निरोप आला. तिथले एक गुरुजी निवृत्त होणार होते, सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. फोटो झाला, खुर्च्या उचलल्या गेल्या, तरी बालवाडीच्या बाई तिथंच उभ्या राहिल्या. सडपातळ, अर्धे केस पिकलेल्या. सगळे त्यांना सुमनबाई म्हणत होते.

"चांगला आवाज हाय तुमच्या कॅमेऱ्याचा," त्या म्हणाल्या. "कुठं नीट करून आणला?"

कॅमेऱ्याच्या आवाजाबद्दल बोलणारं शटरभाऊंखेरीज मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. मी जालन्याचं, पुलाजवळच्या बोळाचं नाव घेतलं. त्यांनी पदर सावरला आणि हळूच विचारलं, "तबकडी अजून फिरून राह्यलीय का?"

त्या मला घरी घेऊन गेल्या. आईवडील गेल्यापासून दोन खोल्यांच्या त्या घरात त्या एकट्याच होत्या. चहा उकळेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. रेकॉर्ड प्लेअर त्यांच्या वडिलांनी लग्नात दिलेला. सुमनबाईंना गाण्याचं वेड आणि नवऱ्याला कॅमेऱ्याचा आवाज ऐकायचा असे. गाणं लावलं की ते काही म्हणत नसत, फक्त कानावर हात ठेवत. "वाईट बोलले न्हाईत कधी. बोललेच न्हाईत म्हणा ना. घरात दोघं असून मला एकटीला करमत नसायचं, त्यापेक्षा एकटीनं एकटं ऱ्हावं, असं वाटलं. वडील आजारी पडले म्हणून आल्ते, ऱ्हाऊन गेले. हे न्यायला आले असते तं गेले असते मी. आलेच न्हाईत." कोनाड्यात कापडात गुंडाळलेल्या तबकड्या होत्या. येताना त्यांनी त्या तेवढ्या आणल्या होत्या. वाजवायला काही नव्हतं, तरी दर दिवाळीला पुसून ठेवत होत्या.

निघताना म्हणाल्या, "माझा एक काढता का?" मी त्यांना दारात उभं केलं. खटका दाबताना त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि मान हलली.

तो फोटो घेऊन मी जालन्याला गेले. शटरभाऊंनी तो दिव्याखाली धरला. मला वाटलं, आता ते फोटो हलल्याचं बोलतील. मग म्हणाले, "केस पिकले." एवढंच. फोटो उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. "भांडण झालं न्हाई आमचं, ताई. भांडण झालं असतं तं मिटवता आलं असतं. मला वाटलं, तिला यायचं असंल तं येईल."

"त्यांना वाटलं, तुम्ही न्यायला याल," मी म्हणाले.

यावर त्यांनी कुणाचातरी कॅमेरा कानाला लावला, पण खटका काही दाबला नाही.

थोड्याच दिवसांनी ते घनसावंगीला माझ्या दारात उभे होते. इस्त्रीचा सदरा, आणि कांबळ्यात बांधलेला रेकॉर्ड प्लेअर कडेवर मूल घ्यावं तसा घेतलेला. "जांबला जायचंय. एकट्याला जाववत न्हाई," म्हणाले. आम्ही जीपमध्ये बसलो. जीप खच्चून भरलेली. ड्रायव्हर ते बोचकं टपावर टाक म्हणत होता, पण भाऊंनी ते सबंध वाट मांडीवरून खाली ठेवलं नाही.

सुमनबाई दार उघडून नुसत्या उभ्या राहिल्या. मग बाजूला झाल्या. भाऊंनी प्लेअर जमिनीवर ठेवला, दांडीचा दोरा सोडला आणि म्हणाले, "तुझा व्हता." सुमनबाईंनी कोनाड्यातून एक तबकडी काढून लावली. आधी खरखर झाली, मग आवाज लागला. भाऊ भिंतीला टेकून बसले, हात गुडघ्यांवर. ते हात गाणं संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, कारण त्या दोघांकडे बघणं मला बरं वाटेना.

चहा झाल्यावर भाऊ जमिनीकडे बघत म्हणाले, "घरी येतीस का?"

सुमनबाईंनी चहाच्या कपबशा उचलल्या. मग म्हणाल्या, "आता इथं माझी लेकरं हायेत बालवाडीची. सकाळी मी न्हाई दिसले तं दारात रडत बसतेत. तुम्हीच ऱ्हा इथं."

"दुकान हाय," भाऊ म्हणाले.

दोघंही खरंच बोलत होते. ते दोघांनाही कळलं, म्हणून पुढे कुणी आग्रह केला नाही. परतीच्या जीपमध्ये भाऊंना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. आष्टीच्या फाट्याला जाणारी एक गाडी समोरून धुरळा उडवत गेली, तेव्हा ते एकदम बोलले, "गाणं लागलं की ती तोंडातल्या तोंडात म्हणती. मला म्हाईतच नव्हतं, ताई."

त्यानंतर ते नुसत्या कानावर कॅमेरे तपासत. दर उन्हाळ्यात एकदा जांबला जात आणि त्याच दिवशी परत येत. पुढे सगळं आपोआप करणारे छोटे कॅमेरे आले. ते बिघडले की लोक फेकून देत. मग मोबाईल आले. शटरभाऊंच्या बाकावर धूळ बसायला लागली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा आष्टीचा पुतण्या येऊन त्यांना घेऊन गेला. दुकान सुटलं, तेव्हा तरी त्यांनी जांबला जायचं होतं असं मला वाटे. एकदा बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "सेवा करून घ्यायला जायचं का आता तिच्याकडं? बिलकुल न्हाई."

ते गेल्याचा फोन पुतण्यानं मला केला. जांबला कुणी कळवायचं हे त्याला सुचत नव्हतं. काकू कशा दिसतात हेसुद्धा त्याला आठवत नव्हतं. मी जाते म्हणाले.

सुमनबाई अंगणात ज्वारी निवडत होत्या. मला एकटीला आलेली बघूनच त्यांनी सूप खाली ठेवलं. मी सांगितलं. त्या रडल्या नाहीत. कधी, कुठं, जवळ कोण होतं, एवढं विचारलं. मग आत जाऊन तोंड धुऊन आल्या. कपाळावरचं कुंकू पाण्यानं अर्धं गेलं होतं, अर्धं राहिलं होतं. पुसायचं की पुन्हा लावायचं, ते त्यांचं ठरत नसावं. मीही काही सुचवलं नाही. माझं कुंकू बायकांनी माझ्या हाताला धरून पुसलं होतं, ते मला आठवत होतं.

ऊन उतरलं. शेवटची जीप निघायची वेळ झाली म्हणून मी उठले. त्या दारापर्यंत आल्या. आईवडील गेल्यापासून त्या घरात एकटीनं भाकरी थापून एकटीनं खाल्लेली ती बाई. तिनं माझा हात धरला.

"ताई, आज थांबा," म्हणाल्या. "एकटीला जेवण जाणार न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी परातीत पीठ घेतलं आणि मी चूल पेटवायला बसले.