बापाला मी जाळलं

"त्यो क्रूस काढ आधी," आप्पासाहेब म्हणाले. "तुझ्या हातानं काढ."

बाची पेटी खड्ड्याच्या काठावर होती. झाकणावर सुताराने दोन पट्ट्यांचा क्रूस ठोकला होता. खड्डा छातीएवढा झाला होता, अजून हातभर खोदलं की संपलं असतं. आमच्या बारा घरांचे लोक उन्हात उभे होते. पाळकसाहेब बायबल बगलेत धरून उभे होते. आणि मी, पाटणच्या कचेरीतला सेहेचाळीस वर्षांचा क्लार्क, पकड शोधत होतो.

पकड आप्पासाहेबांच्या गड्याने दिली. द्राक्षाच्या मांडवाची तार आवळायची पकड.

तासगाव भागातलं आमचं गाव. ओढ्याच्या कडेला आमची पुरायची जागा. तीन पिढ्या तिथेच आहेत. तिला लागून आप्पासाहेबांची बाग. गावातली निम्मी जमीन त्यांची, निम्मी माणसं त्यांच्या शब्दातली. बाग दर दोन-चार वर्षांनी एका ओळीने अलीकडे यायची. कुणी बोलायचं नाही. माझ्या बाने त्याच बागेत चाळीस वर्षं छाटणी केली.

"कागदावर हिंदू महार आणि मातीत ख्रिस्ताव? दोनी कसं चालंल रं?" आप्पासाहेब हसत म्हणाले. "कुठला तरी एक बाप ठेव. हिंदू म्हणवतूस तर जाळ ह्याला. एका अर्जाचं काम हाय. उद्या नोकरी ऱ्हाती का बघ."

ते खरं होतं. माझी नोकरी राखीव जागेवरची. ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही, म्हणून आमच्यातली बरीच घरं कागदावर हिंदूच राहिली. दाखला काढायला बाच मला घेऊन गेला होता. म्हणाला होता, "देव काय दाखला बघून माणूस वळखतो व्हय?" तेवीस वर्षं मी तो दाखला जगलो. कचेरीतल्या सत्यनारायणाला पुढे बसलो. टेबलावर तसबीर ठेवली. रविवारी कुठे जातोस विचारलं तर म्हणायचो, शेताकडे. आम्हाला शेत नव्हतं.

पाळकसाहेब पुढे आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "वाद नको बाळा. देवाला राखेतूनही उठवता येतं."

मी पाळकसाहेबांकडे बघितलं नाही. क्रूस उपटला. चार खिळे होते. एक वाकला, तो निघेना. मी गुडघ्याने झाकण दाबून धरलं आणि ओढला. आत बाचं डोकं होतं.

माझ्या बाला पुनरुत्थानाशिवाय दुसरं काही कळत नव्हतं म्हटलं तरी चालेल. वाचता येत नव्हतं. पण आमच्यातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचा खड्डा तोच आखायचा. काठीने रेघ ओढायचा. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. सांगायचा, "उठला की तोंड म्होरं पायजे. येणाऱ्याकडं पाठ करून कोण उठतं का?" दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाला, "माझा खड्डा तिरका काढू नगंस. तुला रेघंचं लय कळत न्हाई." आम्ही दोघंही हसलो होतो.

मी खड्डा सरळ काढला होता. दोनदा दोरी लावून बघितली होती.

लाकडं आप्पासाहेबांनी दिली. जुनी बाग उपटली होती, तिची खोडं बांधावर रचलेली होती. बाने छाटलेली खोडं. ट्रॉलीभर आणून टाकली. "पेटीचंबी लाकूड घे त्यात," म्हणाले. पेटी फोडली. वरून डिझेल. माझ्या खांद्यावर मडकं दिलं. मी तीन फेऱ्या घातल्या. कुणी तरी दगडाने मडक्याला भोक पाडत होतं आणि पाणी माझ्या पाठीवरून वाहत होतं. आप्पासाहेब मोबाईल धरून फोटो काढत होते. "वर बघ की. पुरावा ऱ्हाऊ दे, तुझ्याच उपेगाला येतोय."

संध्याकाळी तो फोटो गावच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, शेवटी आपल्या धर्मात आला. अंगठे, हात जोडलेले, हसणारी तोंडं. मी मोजली नाहीत. मीही त्या ग्रुपवर होतो. बाहेर पडलो नाही.

आईने एकच विचारलं. "त्यानं काय मागितलं हुतं रं तुला?" त्यानंतर तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.

मी पाटणला परत गेलो. कामावर रुजू झालो. लोक म्हणाले, वडील गेले, वाईट झालं. मी म्हणालो, वय झालं होतं. जेवण गोड लागत होतं, हे मी लपवणार नाही. नोकरी वाचली होती.

मग ईस्टर आला. त्या पहाटे आमचे लोक मेणबत्त्या घेऊन ओढ्यावर जातात. जो तो आपल्या माणसाच्या मातीपाशी बसतो, फुलं ठेवतो, आणि उजाडताना सगळे मिळून गातात. मी गावी गेलो होतो. आई काठी टेकत पुढे गेली. सगळे आपापल्या जागी बसले. तिला जागा नव्हती. ती त्या अर्धवट बुजलेल्या खड्ड्याकडे गेली आणि आत पाय सोडून काठावर बसली.

शेजारची सोनाकाकी म्हणाली, "आवं वयनी, तितं कोण न्हाई."

"म्हणून तर बसलिया," आई मोठ्याने म्हणाली. "मोकळा हाय. आजच आत निजते आन् माती लोटून घेते. मागनं ऱ्हायले तर ह्यो मलाबी जाळील."

ह्यो म्हणजे मी. बारा घरांनी ऐकलं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

बागेत खरड छाटणी चालू होती. आप्पासाहेब बांधावर आले. "काय क्लार्कसाहेब, सण हाय वाटतं! काढू का फोटो? तुमच्या हापिसात लावाया?"

मी आईशेजारी खड्ड्यात पाय सोडून बसलो.

"काढा," म्हणालो. "मेणबत्ती दिसू दे. आईचं तोंड दिसू दे."

"नोकरी गेली गड्या तुझी."

"गेली."

एवढंच बोलणं झालं. त्यांनी फोटो काढला की नाही मला माहीत नाही. सोमवारी मीच अर्ज दिला. लिहिलं की मी जन्माने ख्रिस्ती आहे, दाखला खोटा आहे, तो मी जाणून वापरला. माझ्या जागेवर दुसरं कुणी बसलं असतं, त्याचाही मी गुन्हेगार आहे. चौकशी चालू आहे. काय होणार ते मला ठाऊक आहे. बायको महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर आहे.

त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला, मोजणीचा. ओढ्याकडची पट्टी जुन्या दप्तरात दफनभूमी म्हणून आहे, हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. कारकुनाला दप्तर चाळायला कोण शिकवतं? मोजणीदार आले, खुणा रोवल्या. आप्पासाहेबांच्या सात ओळी आमच्या मढ्यांवर उभ्या होत्या. माझी आजी चौथ्या ओळीखाली. इतकी वर्षं तिच्यावर पिकलेली द्राक्षं परदेशी गेली.

आप्पासाहेब घरी आले. दारात उभे राहिले, आत या म्हणायची वाट बघत. मी म्हटलं नाही. आता त्यांना धाप लागते. म्हणाले, "आता कोण अडवतंय तुमाला? पुरा की खुशाल. ओळी तेवढ्या ऱ्हाऊ द्या. म्हातारपणी मला खाली बघाया लावू नगंस."

"ओळी निघतील," मी म्हणालो. "तुमच्यासमोर निघतील."

पाळकसाहेब सांगतात, क्षमा कर. मी वेदीसमोर गुडघे टेकून प्रामाणिकपणे बघितलं. होत नाही. मी बाला जाळलं, हे पाप माझं आहे. ते मी कुणावर ढकलत नाही. पण मला ते करायला लावून जो हसला, त्याला मी सोडणार नाही. जमिनीवरही नाही आणि जमिनीखालीही नाही.

लोकांना वाटतं, पुनरुत्थान हे रडणाऱ्यांचं समाधान आहे. मला समाधान नको. मेलेले सगळे उठतील, असं लिहिलं आहे. सगळे. म्हणजे फक्त आमचे नाहीत. आप्पासाहेब, तुम्हालाही मरून सुटता येणार नाही. ज्याने तुमची बाग छाटली त्याला अंग मिळेल, तोंड मिळेल, आणि तुम्हाला त्याच्यासमोर उभं राहावं लागेल. तिथे ना पाळक मध्ये पडेल ना ग्रामपंचायत. तो तुम्हाला माफ करील कदाचित. तो तसाच होता. मी करणार नाही. क्षमा केली नाही याचा जाब मला विचारला जाईल. देईन. पण त्या रांगेत तुम्ही माझ्या पुढे असाल, आणि तुमचा हिशोब होताना मी डोळे मिटणार नाही.

आई जिवंत आहे. ती गेली की तिला मी पुरणार. कुणाला विचारून नाही.