साहुंद्राने सरळ विचारलं

फ्रान्समधल्या आंजे शहरात मादाम ऊदे यांच्या घरी राहायला आल्यावर साहुंद्राने पहिल्याच आठवड्यात एक चूक केली, आणि ती चूक पुढे दर गुरुवारी तिच्या ताटात येऊन पडू लागली. मादामने त्या दिवशी आतड्यांचं सॉसेज केलं होतं. त्याचा वास असा, की मांजरानेही तोंड घालण्याआधी दोनदा विचार केला असता. "आवडलं?" मादामने विचारलं. "खूप छान झालंय," साहुंद्रा म्हणाली. झालं. मादाम म्हणजे तीस वर्षं मुलांना शिकवून निवृत्त झालेली मास्तरीण, ऐकलेलं विसरायची नाही. गुरुवार आला की ती कौतुकाने तेच सॉसेज करायची, आणि साहुंद्रा घोटाघोटाने पाणी पीत ते घशाखाली ढकलायची.

आता यात पोरीचं चुकलं काय? आमच्या मादागास्करच्या डोंगराळ भागात यजमानाच्या तोंडावर 'आवडलं नाही' म्हणणाऱ्या मुलीचे आईबाप चार दिवस मान वर करून चालत नाहीत. साहुंद्राचे दादा, म्हणजे वडील, आंबुसित्र गावात सुतार होते. गिऱ्हाईक येई, नव्या खुर्चीत बसे, लाकडाची तारीफ करी, पावसापाण्याचं बोले आणि खुर्ची न घेताच उठून जाई. दादा गुपचूप खुर्चीची पाठ थोडी तिरकी करून ठेवत. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येऊन खुर्ची घेऊन जाई. दोघांपैकी कुणीच कुणाला काही म्हटलेलं नसे. अशा घरातून ही मुलगी वनस्पतिशास्त्र शिकायला फ्रान्सला आली होती.

थंडीचंही तसंच झालं. "खोलीत गार वाटतं का गं?" मादामने विचारलं. "नाही," साहुंद्रा म्हणाली. आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारून कुणी थांबत नाही. पहिलं 'नको' रीतीचं, दुसरं लाजेचं, तिसऱ्यांदा विचारलं की खरं काय ते कळतं. साहुंद्रा दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत राहिली. मादामने मात्र एकदा विचारलं आणि विषयावर झाकण ठेवलं. त्या खोलीतला हीटर मग कुणी लावलाच नाही.

डिसेंबरात खोकल्याने तिला गाठलं. मादाम सूपचा वाडगा घेऊन खोलीत शिरली तर पोरगी अंगात कोट, वर शाल, हातांत पायमोजे अशा थाटात पलंगावर बसलेली.

"हे काय आहे?"

"सवय आहे मला, मादाम."

"मी तुला विचारलं होतं की नाही? गार वाटतं का म्हणून?"

"विचारलं होतंत."

"मग? माझ्या घरात एक पोर दोन महिने कुडकुडतेय आणि मला पत्ता नाही. तू मला दुष्ट बाई करून ठेवलंस, कळतंय का? आणि गुरुवारचं ते सॉसेज? तेही खोटंच ना?"

मादामच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण कुणाचं मन राखायला बोललो आणि त्याच बोलण्याने ते दुखावलं, हे साहुंद्राच्या डोक्यातच शिरेना.

तेव्हापासून त्या घरात नवा कायदा लागू झाला. रोज रात्रीच्या जेवणात साहुंद्राने निदान एका गोष्टीला नाही म्हणायचं. पहिलं 'नाही' खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"पुन्हा," मादाम म्हणाली. "कुजबुजू नकोस, आपण चर्चमध्ये बसलेलो नाही. घे, हे निळं चीज."

"नाही, मादाम."

"का?"

"त्याला पायांचा वास येतो."

मादाम इतकी हसली की तिचा चष्मा चिजावर पडला. एवढं उद्धट बोलल्यावर समोरचा माणूस हसतो, हे साहुंद्राने जन्मात पाहिलं नव्हतं. तिलाही हसू फुटलं. गुरुवारी आता आम्लेट होऊ लागलं.

हळूहळू जीभ मोकळी झाली. बास्तियाँ नावाचा वर्गमित्र प्रयोगांचे सगळे अहवाल तिच्या गळ्यात मारायचा. एके दिवशी ती म्हणाली, "नाही, तुझा भाग तू लिही." बास्तियाँ "बरं" म्हणाला आणि तिच्यासाठी कॉफी आणायला गेला. आभाळ कोसळलं नाही की दोस्ती तुटली नाही. खोटं कशाला सांगू, तिला हे फार आवडलं. मनात एक, ओठावर दुसरं, आणि समोरच्याने ते ओळखावं म्हणून झुरत बसायचं, या कटकटीतून सुटल्यासारखं वाटलं तिला.

दर रविवारी ती आपल्या गावच्या लांतूताईकडे भात खायला जाई. लांतू दवाखान्यात रुग्णांची सेवा करायची, वीस वर्षं फ्रान्समध्ये होती, पण तिच्या घरात पाय टाकला की आंबुसित्र. जेवण झालं की करपलेल्या भाताच्या भांड्यात पाणी उकळून प्यायला मिळे. साहुंद्रा एकदा म्हणाली, "ताई, आज भात गिचका झालाय." लांतूचा नवरा घास तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिला.

"आली बघा आमची गोरी मडम," लांतू म्हणाली. "पुढच्या वेळी मला गुणही दे, दहापैकी."

हसण्यावारी गेलं ते. पण साहुंद्राला घरी परतताना थोडा अभिमानच वाटला.

मे महिन्यात वर्षाची शेवटची परीक्षा होती. त्यात पास झाली तर शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार, नाही तर गाशा गुंडाळायचा. परीक्षा आठवड्यावर आली असताना एका संध्याकाळी घरून फोन आला. नेनीचा, म्हणजे आईचा.

नेनी आधी हवेबद्दल बोलली; आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड. यंदा थंडी लवकर पडली, भाताची कापणी चांगली झाली, शेजाऱ्यांची गाय व्याली. मग म्हणाली, "मोठे काका आलेत किनाऱ्यावरून. आत्याही आल्यात. घर भरलंय नुसतं. चर्चमधलं मोठं पातेलं आणावं लागलं."

"कशाला आलेत सगळे?"

"आले असेच. बरेच दिवसांत आले नव्हते." नेनी थोडी थांबली. "दादा जरा थकलेत. खुर्ची करायला घेतली होती, ती तशीच राहिलीय. तुझ्याकडे चांगली ऊबदार शाल आहे ना, असं परवा विचारत होते."

साहुंद्रासमोर वही उघडी होती. तिने पेन खाली ठेवलं. गेल्या काही महिन्यांत ती एक गोष्ट शिकली होती. अंदाज बांधत बसायचं नाही. विचारायचं.

"नेनी, मला सरळ सांग. मी येऊ का? हो की नाही?"

मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"नको गं," नेनी म्हणाली. "कशाला येतेस? तुझी परीक्षा आहे. इकडे सगळं ठीक आहे."

साहुंद्राचा जीव भांड्यात पडला. जेवताना तिने मादामला सगळं सांगितलं. "शाब्बास," मादाम म्हणाली. "अशीच विचारायची रीत असते. आता निश्चिंत होऊन अभ्यास कर." आणि ती खरंच निश्चिंत झाली. चार दिवस तिने मान मोडून अभ्यास केला. पुढे कित्येक वर्षं तिला सर्वांत जास्त बोचत राहिले ते हे चार दिवस. त्या दिवसांत ती सुखात होती.

रविवारी लांतूताईकडे जेवताना तिने सहज विषय काढला. दादा थकलेत म्हणाली, काका आलेत, आत्या आल्यात. लांतूने पळी खाली ठेवली.

"पातेलं कुठून आणलं म्हणालीस?"

"चर्चमधून."

"आणि शालीचं कोण विचारत होतं?"

"दादा. पण ताई, मी विचारलं ना नेनीला. सरळ विचारलं, येऊ का म्हणून. ती नको म्हणाली."

"तू आईला असं विचारलंस?" लांतूचा आवाज एकदम खाली गेला. "हो की नाही असं?"

"हो."

"अगं, मग ती दुसरं काय म्हणणार होती? परीक्षा सोडून ये, असं कुठली आई स्वतःच्या तोंडाने म्हणेल? तिला जे सांगायचं होतं ते तिने आधीच सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं गं तिने."

साहुंद्राचा हात थाळीतच राहिला. काका, आत्या, पातेलं, खुर्ची, शाल. आमच्याकडे माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की घर असं भरतं. वर्षभरापूर्वी काका आलेत एवढं ऐकूनच ती उठून बॅग भरायला लागली असती. तिने घरी फोन लावला. काकांनी उचलला. "दादांना बरं नाहीये," ते म्हणाले. "तुला जमत असेल तर बघ." लांतूने तिच्या हातातून फोन घेतला, स्वयंपाकघरात जाऊन दोन वाक्यं बोलली आणि परत आली. आमच्याकडे गेलेल्या माणसालाही आधी 'बरं नाही' असंच म्हणतात. लांतूला ते कळलं होतं. तिनेही पोरीला सांगितलं नाही. "उद्याचं विमान बघूया," एवढंच म्हणाली.

सकाळी मादाम तिला गाडीतून स्टेशनवर सोडायला आली. परीक्षा बुडणार, वर्ष जाणार, याने तीही बिचारी हैराण झाली होती.

"पण तू सरळ विचारलं होतंस ना?"

"हो."

"आणि आईने नाही म्हटलं?"

"हो."

"मग ती तुझ्याशी खोटं का बोलली?"

"ती खोटं बोलली नाही," साहुंद्रा इतक्या जोरात म्हणाली की मादामने गाडी कडेला घेतली. "मी विचारलं तेच चुकलं. तिने सांगितलेलं मला ऐकू आलं नाही. पूर्वी यायचं." मादामने साहुंद्राचा हात धरला आणि ट्रेनची वेळ होईपर्यंत सोडला नाही.

आंबुसित्रला पोचायला दोन दिवस लागले. सगळ्या वाटेत ती मनाशी घोकत होती की दादा आजारी आहेत, फक्त आजारी आहेत. घराच्या वळणावर बायका मोकळ्या केसांनी बसलेल्या दिसल्या आणि अंगणातून चरबीदार मांस घातलेल्या भाताचा वास आला. तो भात आमच्याकडे एकाच प्रसंगी शिजतो. कुणी सांगायची गरज राहिली नाही. दादा शुक्रवारीच गेले होते. तिच्यासाठी दफन थांबवून ठेवलं होतं.

ती आतल्या खोलीत नेनीच्या पायाशी बसली. तिच्या ओठांवर एकच प्रश्न होता: त्यांनी माझी वाट पाहिली का? हो की नाही? तो विचारायला ती तोंड उघडणार होती. मग तिने नेनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कळलं, की विचारलं तर नेनी 'नाही गं' म्हणेल, आणि त्यानंतर मरेपर्यंत ते उत्तर तसंच राहील.

"यंदा थंडी लवकर पडली म्हणायची," साहुंद्रा म्हणाली.

"हो ना," नेनी म्हणाली. "गवतावर पांढरं पडतंय सकाळी."

"रस्ता बराच खराब झालाय वरचा."

"पूल वाहून गेला होता. काकांनाही त्रास झाला येताना."

"गाय बघितली मी शेजारची. वासरू गुटगुटीत आहे."

"दूध देतात ते आपल्याला. दादा घ्यायचे थोडं थोडं." नेनीने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. साहुंद्राने घाई केली नाही. अंगणात कुणीतरी लाकडं फोडत होतं.

"गेल्या आठवड्यात त्यांनी पलंग फिरवून घेतला," नेनी म्हणाली. "काकांना सांगून. दाराकडे तोंड करून पडायचे. दार उघडं ठेवायला लावायचे, रात्रीसुद्धा."

साहुंद्राने दाराकडे पाहिलं.

"वारा येतो म्हणायचे," नेनी म्हणाली.

मे महिन्यात आंबुसित्रला वारा हाडं फोडतो आणि आजारी माणसाच्या खोलीचं दार कुणी उघडं ठेवत नाही, हे दोघींनाही माहीत होतं. साहुंद्राने नेनीच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही.