बाबांच्या चष्म्याची काच

कुणाच्या अंगात आलं म्हटलं, की आधी थर्मामीटर आणा म्हणणारी मी. आमच्या घरात, हट्ट्याला (तालुका वसमत, जिल्हा हिंगोली) असल्या गोष्टींना कधी थाराच नव्हता. "डोकं दिलंय ना? मंग वापरा," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. त्यामुळे हे इथे लिहिताना मला माझाच राग येतोय. पण सोमवारपर्यंत एक निर्णय घ्यायचाय आणि माझं डोकं चालेनासं झालंय...

आधी काम सांगते, नाहीतर काही कळणार नाही. पुण्याला पीएचडी करते, विषय काच. काच प्रचंड थंड केली तर तिचं काय होतं, ते मोजायचं. थंड म्हणजे बर्फ वगैरे नाही — उणे दोनशे त्र्याहत्तरच्या अगदी काठावर. स्फटिकात अणू कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत असतात. काचेत नुसती गर्दी. त्यातले काही इतक्या थंडीतही या जागेवरून त्या जागेवर सरकत राहतात, आणि म्हणून गारठवून ठेवलेली काच कित्येक दिवस किंचित ऊब सोडत राहते. रोज कालच्यापेक्षा कमी. ग्राफची रेघ हळूहळू खाली येते. यात गूढ काही नाही, पुस्तकात आहे.

बाबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर चौकीदार होते. सगळी नोकरी एका जाड काचेच्या चष्म्यात काढली. रिटायर झाले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि चष्मा कपाटात गेला. मी म्हटलं, द्या मला, मोजून बघते. बाबा हसले. "ने की. जल्मभर उन्हात तापली बिचारी, होऊ दे जरा गार."

त्यातला एक तुकडा कापून मशीनमध्ये लावला, शेजारी तुलनेसाठी क्वार्ट्झचा, म्हणजे रांगेतल्या अणूंच्या स्फटिकाचा, एक तुकडा. आमच्या लॅबचा नियम आहे, सॅम्पल आत गेलं की रजिस्टरमध्ये नाव लिहायचं. बाकीचे नंबर टाकतात. मी लाडात येऊन लिहिलं, 'बाबांचा चष्मा'. एकदा थंड केलं की मशीन महिनोन्महिने चालू ठेवतात, म्हणून मे महिन्यात मी घरी आले. ग्राफ लॅपटॉपवर दिसतोच.

मी आल्यानंतरच्या गुरुवारी सकाळी सव्वाअकराला रेघ वर वळली.

वर वळायचं काही कारणच नव्हतं. मी फरहीनला फोन लावला. ती माझी लॅबमधली मैत्रीण, मूळची नांदेडची. "पंप बघ. वायर बघ. कुणी धक्का दिला का मशीनला?" मी तिच्यावर खेकसत होते. ती बिचारी एकेक तपासून सांगत होती, सगळं बराबर आहे. आणि धक्का लागला असता तर शेजारचा क्वार्ट्झसुद्धा तापला असता ना? तो ढिम्म होता.

आई दारातून दोनदा डोकावली. "काहून एवढी ओरडून राहिली गं?" मी तिच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं मी त्या रेघेशी भांडत बसले.

मग फरहीन रजिस्टर समोर घेऊन म्हणाली, "अगं, क्वार्ट्झ जागेवर आहे. 'बाबांचा चष्मा' तेवढा वर चाललाय. मला भीती वाटायली आता."

मी लॅपटॉप तसाच सोडून उठले. का, ते आजही सांगता येत नाही.

"आई, बाबा कुठंयत?"

"कालव्यावर गेले ना, सायकल घेऊन. त्यांना घरात चैन पडतंय व्हय?"

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मी स्कूटी काढली, चपलासुद्धा घातल्या नाहीत. कालव्याच्या गेटजवळच्या बाभळीखाली सायकल आडवी पडली होती आणि बाबा खोडाला टेकून बसले होते. सदरा घामाने चिंब. मला बघून नुसता हात हलवला, बोलता येईना.

आधी वसमतचा दवाखाना, मग नांदेड. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? बाबा म्हणाले, "सव्वाअकराची बस पुलावरून गेली ना, तवाच छातीत आवळलं."



बाबा वाचले. पण डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं. ते 'थोडं' म्हणजे किती, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आठवड्याने लॅपटॉप उघडायचा धीर झाला. रेघ एक वाजून दहा मिनिटांनी खाली वळली होती. वसमतच्या दवाखान्याच्या कागदावर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ आहे, एक दहा.

तापमापक चिकटवलेला गोंद सुटला असेल. योगायोग असेल. सगळं स्वतःला सांगून झालंय. गाइडना ग्राफ पाठवला तर म्हणाले, खराब रीडिंग आहे, काढून टाक. आणि आता त्यांचा निरोप आलाय — सोमवारी मशीन बंद करा, सॅम्पल बदलायचेत.

बंद करायचं म्हणजे काच गरम होणार. थोडीथोडकी नाही, पार पुण्यातल्या उन्हाळ्याइतकी! त्या दिवशी ती केसाएवढी तापली होती तर...

मला माहीत आहे हा मूर्खपणा आहे. मी अजून हट्ट्यालाच आहे. आत्ता बाबा समोर खाटेवर बसलेत, चार पावलं चालले तरी धाप लागते. त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. मघाशी त्यांनीच विचारलं, "काय गं, झालं का माझ्या काचेचं काम?"

"झालं की."

"मंग काढ की बाहेर. काहून कोंडून ठेवली तिला?"

मी फरहीनला मेसेज केलाय, सोमवारी मशीनला हात लावू नकोस म्हणून. सरांना काय कारण सांगू, ते मला सुचलेलं नाही.