पाचवीचा दगड

गोजराबाईच्या अंगाची नुसती लाही लाही झाली होती. गावी, घोटावड्यात, ती चिडली की शेजारच्या चार घरांना कळायचं. इथं बँकॉकात, बाविसाव्या मजल्यावर, चिडून सांगायचं कुणाला? खिडकीला?

लेकीच्या बाळंतपणाला येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. नात झाली, टपोऱ्या डोळ्यांची. आज तिचा पाचवा दिवस. पाचव्या दिवशी दिवेलागणीला सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची असते, हे घोटावड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाटा काही विमानात यायचा नाही, म्हणून गोजराबाईनं निदान वरवंटा तरी लुगड्यात गुंडाळून बॅगेत भरला होता. पण तिला न्यायला आलेल्या जावयानं, निरंजननं, निघताना बॅगेचं वजन केलं आणि वरवंटा काढून ओट्यावर ठेवला. वर म्हणाला, "आई, तिकडे सगळं मिळतं."

सगळं मिळतं म्हणे! आज सकाळी तिनं विषय काढला, तर जावईबापू लॅपटॉपमधून मानही वर न करता म्हणाले, "राहू द्या ना आई. आमच्या आईचंही तेच म्हणणं आहे, मुलीची कसली पाचवी? बारसं करू की झोकात."

"मुलीची कसली, म्हंजी?" गोजराबाईचा आवाज चढला. "पोराला नशीब असतंय आन् पोरीला न्हाई व्हय?"

"तसं नाही हो..."

"मग कसं?"

निरंजननं कानाला हेडफोन लावले. गोजराबाईनं लेकीकडं पाहिलं. पल्लवी म्हणजे ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारी बाई. ती बाळाला घेऊन भिंतीकडं तोंड करून पडली. जावयाचा आला नसेल इतका राग गोजराबाईला त्या गप्प पाठीचा आला.

तिनं पदर खोचला, पायात चपला सरकवल्या आणि लिफ्टनं खाली आली.

पंधरा दिवसांत हे शहर तिनं पाहिलं ते गाडीच्या काचेतून. पायी आज पहिल्यांदाच. फोन घरातल्या वायफायवर चालणारा, फाटकाबाहेर पडताच मुका झाला. पत्ता पाठ नव्हता, पण पत्ता हवाय कुणाला? जन्मभर आठवडे बाजार फिरलेली बाई ती. बाजारात प्रत्येकीची जागा आज्जी-पणजीपासून ठरलेली असते, मिरच्यावालीच्या बाजूला वळलं की कासारीण भेटणार म्हणजे भेटणारच. तशाच खुणा तिनं धरल्या. फाटकासमोर फळांची गाडी, हिरव्या टोपीची बाई. पहिल्या वळणाला मासे भाजणारी. पुढं झेंडूच्या माळा ओवणारी. झाली वाट पक्की.

चालता चालता तिचा राग निवायचा सोडून वाढतच गेला. फुटपाथ आहे म्हणावं तर त्यावर दुचाक्या. डोक्यावर वायरींची जाळी. आणि प्रत्येक इमारतीच्या दारात खांबावर एक चिमुकलं देवघर! त्याला ताजी माळ, उदबत्ती, आणि देवासाठी लाल सरबताची बाटली, तीही नळी घालून. सुटाबुटातली पोरं ऑफिसला जाताना तिथं थांबून हात जोडत होती.

"बघा," ती मोठ्यांदा म्हणाली, रस्त्यात मराठी कळणारं कुणी नसताना. "ह्यांना देवाची लाज न्हाई वाटत. आमच्या जावयाला येका दगडाची लाज वाटती!"

पहिल्या दुकानात प्लास्टिक, दुसऱ्यात स्टील. तिसऱ्यानं तिला मिक्सर दाखवला, त्याला तिनं मराठीत चांगलं सुनावलं. त्यानं हसून मान हलवली, म्हणजे आणखीच संताप. एक नाला ओलांडून, दोन गल्ल्या तुडवून शेवटी ती एका अंधाऱ्या दुकानासमोर उभी राहिली. आत करड्या दगडाचे खलबत्ते ओळीनं मांडलेले. गोजराबाईच्या जिवात जीव आला.

तिनं हातांनी बाळ जोजवून दाखवलं आणि पाच बोटं दाखवली, पाचवा दिवस म्हणून. दुकानदारीण आत गेली आणि तिनं एकामागून एक पाच खलबत्ते तिच्यापुढं आणून मांडले.

"अगं बये, पाच न्हाई गं! येकच. आन् नुस्ता बत्ता दे."

नुसता बत्ता द्यायला मात्र ती बाई तयार होईना. खल आणि बत्ता एकत्रच, असं तिनं दोन्ही हात जुळवून सांगितलं. "बराबर हाय तुजं," गोजराबाई कुरकुरली, "जोडी फोडू नये." पल्लवीनं खर्चाला दिलेल्या नोटा तिनं पुढं केल्या, बाईनं हव्या तेवढ्या घेतल्या, आणि ते आठ किलोचं धूड कमरेवर घेऊन ती परत फिरली.

झेंडूवाली जागेवर नव्हती. मासेवाली नव्हती. गाड्यांना चाकं असतात, दुपार झाली की ती फिरतात, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्या गल्ल्या सारख्या दिसायला लागल्या. तासभर ती तिथल्या तिथंच फिरत राहिली. कंबर भरून आली. ऊन उतरत चाललं होतं. सटवाई येऊन, दगड नाही म्हणून दारातनं माघारी गेली तर? "काय अक्कल तुजी गोजरे," तिनं स्वतःला शिव्या घातल्या, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात समोरून हिरवी टोपी आली. रिकामी गाडी ढकलत ती फळंवाली घरी निघाली होती. गोजराबाईनं धावत जाऊन गाडीचा दांडाच धरला. "जागा सोडून कुटं गं हिंडतीयास? आमी काय करायचं?"

फळंवाली दचकली. मग सकाळी फाटकातून बाहेर पडलेलं लुगडं ओळखून हसली. तिनं खलबत्ता उचलून गाडीत ठेवला आणि गाडी उलटी वळवली.

फाटकात निरंजन उभा होता, पांढराफटक. "कुठे होता तुम्ही आई? मी पोलिसांकडे निघालो होतो!"

"जावा की. सांगा त्यास्नी, सासू दगड आणाया गेलती."

वर पल्लवी उठून बसली होती. तिनं पाट मांडला होता, निरांजन लावलं होतं, हळदीकुंकवाच्या पुड्या सोडल्या होत्या. पाटावर जागा रिकामी होती. "आई, दे इकडं," ती म्हणाली आणि तिनं खलबत्ता पाटावर मांडला. मग नवऱ्याकडं वळून, "तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लाव."

"आत्ता? कशाला उगाच?"

"लाव म्हटलं ना."

उषाताई पुण्याहून पडद्यावर आल्या. गोजराबाईनं फोन हिसकावलाच. दिवसभर एकेक शब्द पाजळून ठेवला होता तिनं. "बघा विहीणबाई, डोळं भरून बघा! पोरीचीच पाचवी हाय. दगड मी आणलाय. हाय का काय म्हननं?"

उषाताईंनी पाट पाहिला, बाळ पाहिलं.

"माझ्या दोन्ही मुलींची कुणी केली नव्हती हो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं सासूबाईंना. दोनदा म्हटलं होतं."

गोजराबाईच्या तोंडात आलेली पुढची शिवी तिथंच राहिली. तिला विहिणीचाही राग आला, तिच्या मेलेल्या सासूचाही आला, आणि कुणावर काढावा ते कळेना.

"फोन ठिवू नगा," ती तशीच खेकसली. "कुकू लावून व्हईस्तवर बसा हितंच."

आणि तिनं फोन पाटाजवळ, खलाला टेकवून उभा केला.