कात्रपच्या प्लॉटवरचं वारं

आता हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण हा घोळ मी शुद्धीत असताना, भरदुपारी आणि डिग्रीसकट घातलाय!

मी आर्किटेक्ट. बदलापूरला कात्रपमध्ये एका शाळेचं काम मिळालं. प्लॉट कसला, दोन बिल्डिंगांच्या मध्ये चेपलेली चिंचोळी पट्टी! त्यात ट्रस्टी हरेशभाई, उल्हासनगरचे कापडवाले, म्हणाले, "मॅडम, एसी-बीसी कुछ नहीं. शाळा वाऱ्यावर चालली पाहिजे."

बहुतेक शाळा तशाच चालतात, पण मी मनावर घेतलं.

वारा कुठून येतो, कुठे अडतो, हे बघायला मी प्लॉटवर उदबत्त्या पेटवल्या. धुराकडे डोळे लावून "नैऋत्य... नैऋत्य..." पुटपुटत फिरत होते. शेजारच्या गॅलरीतून म्हात्रेकाकू डोकावल्या.

"काय गो बाय, काय करतेस?"

"वारं बघतेय काकू. इथे कोंडून राहिलंय. बाहेर काढायला हवं, नाहीतर मुलांना त्रास होईल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. "कुठून येतंय गो?"

"तुमच्या गच्चीवरून! तुमच्या भिंतीवर आपटतं आणि इथे उतरतं."

काकू आत पळाल्या. मला वाटलं, गॅसवर दूध असेल.

दुसऱ्या दिवशी गेटवर लिंबू-मिरच्या, कोपऱ्यात फोडलेला नारळ आणि हरेशभाईंचा फोन. "मॅडम, आपने बोला प्लॉट में भूत है? पालक ॲडमिशन कॅन्सल करतायत! ऐसे में स्कूल कौन बनाएगा?"

हातातलं काम जायची वेळ आली. त्यांनी पालकांची मीटिंग बोलावली. मी तावातावाने उभी राहिले. "अजिबात घाबरू नका! मधोमध चौक ठेवलाय, वर उंच धुराडं. आतलं गरम वारं तिथून आपोआप वर जाईल. उलट ऊन जितकं कडक, तितकं ते जोरात निघेल!"

मागून म्हात्रेकाकू म्हणाल्या, "आणि अमावास्येला?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली, की माझं 'वारं' म्हणजे ह्यांचं भूत! मी "हवा, हवा! व्हेंटिलेशन!" म्हणून ओरडले. पण ऐकतंय कोण? हरेशभाईंनी माईक घेतला. "मॅडम पूजा करेगी. ठीक है?"

सगळे म्हणाले ठीक आहे. मग काय, विज्ञानावर श्रद्धा असलेली मी, नऊवारी नेसून शांतीला बसले. ॲडमिशनं परत आली, शाळा उभी राहिली. आणि खरं सांगते, एप्रिलमध्येसुद्धा वर्गात गार वाटतं! कौतुक कुणाचं? भटजींचं!

गेल्या महिन्यात अंबरनाथहून एका काकांचा फोन. "त्या शाळेवाल्या मॅडम ना तुम्ही?" मी खूश! म्हटलं, नाव झालं एकदाचं.

"आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी कुणीतरी शिट्टी मारतं हो. दिसत कुणीच नाही. बायको माहेरी गेलीय घाबरून. तुम्ही उतरवता ना?"

मी झापणारच होते, की अहो, डक्टची फट चुकली की हवा शिट्टी मारते, कुठल्या गाढवाने डिझाइन केलीय बिल्डिंग? तेवढ्यात त्यांनी पत्ता सांगितला.

बिल्डिंग माझीच होती.

"आहे काका," मी म्हटलं, "भूतच आहे. कुणाला बोलू नका. मी येऊन उतरवते."