शालनअक्कांचा उन्हाळा

होळी झाली की शालनअक्का कुणालाही 'जेवलात का' असं विचारायच्या नाहीत. त्याऐवजी भर दारात, चारचौघांत विचारायच्या, "आवं भाऊ, लघवी कशी हुतीय? पिवळी का पांढरी?" हा प्रश्न मला पहिल्यांदा आला तेव्हा माझे सासरे बाहेर खुर्चीवर चहा घेत बसले होते. मी काहीतरी पुटपुटलो. अक्कांनी मला सोडलं आणि तोच प्रश्न सासऱ्यांना टाकला. ते निवृत्त हेडमास्तर. चहा अर्धा ठेवून त्यांनी मिरजेची बस गाठली.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीला लागून आमची पत्र्याच्या चार खोल्यांची रांग होती. एका खोलीत मी, बायको आणि ऐंशीला टेकलेली आई. शेजारच्या खोलीत अक्का एकट्या. नवरा वारलेला, मुलगा फौजेत. आम्ही दोघं एकाच शेडमध्ये कामाला होतो. मी स्टोअरकीपर, त्या पंपाच्या सुट्या भागांच्या पॅकिंगला. तिथं त्यांच्यासारख्या आणखी सहा बायका होत्या.

अक्का मूळच्या म्हसवडकडच्या. त्यांचे वडील, आबा, भर उन्हाळ्यात बाजाराला शेळी विकायला गेले आणि दुपारचे चालत परत निघाले. वाटेत बाभळीखाली टेकले ते उठलेच नाहीत. हे सांगताना अक्का कधी रडल्या नाहीत. फक्त एक गोष्ट दरवेळी सांगायच्या. "काखंतल्या पिशवीत पाण्याची बाटली भरल्याली हुती, भाऊ. बूचबी उघडलं न्हवतं. म्हनला आसंल, घरी जाऊन पिऊ." त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं होतं की आपल्या नजरेच्या टप्प्यात उन्हानं माणूस जाऊ द्यायचं नाही. आमची रांग त्या टप्प्यात येत होती.

धुळवडीला सगळं कुपवाड मटणाच्या दुकानापुढं उभं असताना आम्ही पत्र्यावर असायचो. अक्कांनी आदल्या दिवशीच चुना भिजवलेला असायचा, त्यात मूठभर मीठ आणि डिंक. चारी खोल्यांचे पत्रे पांढरे करायचे. पहिल्या वर्षी मी ऐटीत वर चढलो, तर खालून आवाज आला, "खिळ्यांच्या रांगंवर पाय ठेवा. मधी ठेवला तर थेट आईच्या खाटंवर उतराल." मी उसाचं पाचट पसरण्याची सूचना केली. ऊस तुटून गेलेला, पाचट फुकट. त्यांनी शेजारच्या कारखान्यातून उडणाऱ्या वेल्डिंगच्या ठिणग्यांकडं नुसतं बोट दाखवलं. माझी हुशारी तिथंच संपली.

मग खिडक्यांना गोणपाटं लागायची, दिवसातून तीनदा भिजवायची. माठ वाळूच्या पाटीत बसायचा. स्वयंपाक नऊच्या आत उरकायचा, कारण पत्र्याखाली दुपारी चूल पेटवणं म्हणजे आपणच शिजणं. आईची खाट सकाळी पश्चिमेच्या भिंतीला आणि बारानंतर पूर्वेच्या. "सूर्व्या फिरला की खाट फिरली पायजे," असं म्हणत रविवारी त्या स्वतः येऊन खाट ओढायच्या. आईनं एकदा कुरकुर केली की मी काय कपाट आहे का, सारखं हलवायला. अक्का म्हणाल्या, "कपाटाला घाम येत न्हाई, आत्ती. तुमाला येतूय तवर बरं हाय. यायचा थांबला की मला हाक मारा."

कुणाला ऊन लागलंच तर काय करायचं, तेही त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंग भिजवा, वारा घाला, काखेत आणि मानेवर ओलं फडकं ठेवा. "आनि शुद्धीत नसंल तर तोंडात पानी घालू नगा. लोक आधी त्येच करत्यात." मोबाइलवर उष्णतेच्या लाटेचा इशारा यायचा, तो आम्ही वाचायचोही नाही. आमच्याकडं अक्का होत्या.

त्यांची एक सवय मात्र मला गमतीची वाटायची. संध्याकाळी कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी माठापाशी उभ्या राहून दोन तांबे पाणी गटागटा प्यायच्या. मी म्हणायचो, "अक्का, उंटाच्या कुळातल्या दिसताय तुम्ही." त्या पदरानं तोंड पुसून हसायच्या. सात उन्हाळे मी हा विनोद केला.

आठव्या उन्हाळ्यात, मे महिन्यातल्या एका दुपारी शेडची वीज गेली. पंखे थांबले. तीनच्या सुमाराला पॅकिंगच्या टेबलाकडून ओरडा झाला म्हणून मी धावलो. अक्का खोक्यांना टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हत्या. "आबा, बाजार उरकला का?" त्यांनी मला विचारलं. हात लावला तर अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा टिपूस नाही. मग डोळे मिटले.

कुणीतरी पाण्याचा ग्लास त्यांच्या तोंडाला लावायला निघालं. मी तो हात ढकलला. पॅकिंगची गोणपाटं पिंपात बुडवून त्यांच्यावर टाकली, काखेत ओली फडकी ठेवली, बायकांनी पुठ्ठ्यांनी वारा घातला. तसंच टेम्पोत घालून सांगलीला नेलं, वाटेत बादलीतलं पाणी शिंपडत. त्यांनीच शिकवलेलं मी त्यांच्यावरच करत होतो. मी मनापासून घाबरलो होतो.

अक्का वाचल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून पाणी किती घेतलं होतं? लघवी किती वेळा? रंग कसा होता?" अक्कांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. पॅकिंगमधली सुमन शेवटी म्हणाली, "डॉक्टर, शेडमंदी आमी कुनीच पानी पीत न्हाई. सकाळी चा घिऊन जायाचं, ते संध्याकाळी घरी येऊन प्यायाचं."

"का?"

सुमननं माझ्याकडं पाहिलं. "संडासाला कुलूप हाय. चावी ह्यांच्याकडं आसती."

शेडच्या मागं बायकांचा संडास होता. मी कामाला लागलो त्या पावसाळ्यात पुठ्ठे भिजायला लागले म्हणून चार दिवसांसाठी ते तिथं हलवले, आणि ते तिथंच राहिले. चावी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पुठ्ठे काढायला मी आठवड्यातून दोनदा ते दार उघडत होतो. बायका कुठं जात असतील, हा प्रश्न मला आठ वर्षांत पडला नव्हता. मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालकाला न विचारता पुठ्ठे बाहेर काढले. नळ बसवला, आतून कडी लावली, बाहेरचं कुलूप फेकून दिलं. पुठ्ठे कुठं ठेवायचे म्हणून मालक कुरकुरले. तुमच्या केबिनमध्ये, असं मी म्हणालो. एवढ्या वर्षांत त्यांना उलटून बोलल्याचा तो एकच प्रसंग.

महिन्याभरानं अक्का कामावर आल्या. मी त्यांना ते दार दाखवलं आणि विचारलं, "अक्का, अख्ख्या रांगेला लघवीचा रंग विचारत होता. मला एवढं एक सांगता आलं नाही?"

त्यांनी आतली कडी एकदा लावून काढून बघितली. मग म्हणाल्या, "दुसऱ्याचं इचारायला लाज वाटत न्हाई, भाऊ. सोताचं मागायला लय वाटती. म्हनलं, घरी जाऊन पिऊ." हे शब्द आपण कुठून उचलले, ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पिशवीतल्या बाटलीचं बूच काढलं आणि माझ्यासमोर अर्धी बाटली संपवली.

पुढच्याच वर्षी मुलगा फौजेतून सुटून आला, त्यानं म्हसवडला स्लॅबचं घर बांधलं आणि अक्कांना घेऊन गेला. जाताना त्यांनी चुन्याची बादली मला दिली. धुळवडीला मी आता एकटाच पत्र्यावर चढतो, खिळ्यांच्या रांगेवर पाय ठेवून.

त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन येतो. पत्रा झाला का, आत्तीची खाट फिरती का, आणि मग ठरलेला प्रश्न. मी सांगतो, पांढरी. पहिल्या वर्षी फोन ठेवता ठेवता मी थांबलो आणि म्हणालो, "आणि तुमची, अक्का?"

पलीकडं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "पांढरी हाय, भाऊ. एवढ्या वर्सांनी इचारलंसा."