मागच्या दारानं पाहिलेलं कॉलेज

तळेगावात पोरीचं स्थळ पाहायला पुरुष जातात. चार जण स्वच्छ धोतर नेसून एसटीत बसतात, पाहुण्यांच्या बैठकीत टेकतात, जेवतात, पान खातात आणि दिवस मावळता परत येऊन सांगतात, "घर झकास हाये." बायांनी विचारलं, पानी कुठून आनते, तर म्हणतात, "आता पानी बी आमीच पाह्याचं का?"

आनंदाबाईच्या थोरल्या पोरीचं, रुख्माचं, घर असंच पाहिलं गेलं. बैठक झकासच होती. पाणी मात्र नाल्यापलीकडच्या विहिरीवरून, चढ चढून आणावं लागे. रुख्मा माहेरी आली की आनंदाबाई तिच्या वाकलेल्या खांद्यांना तेल चोळी. घर पाहून आलेल्यांना मात्र अजून तिथल्या पुरणपोळीचीच याद होती.

धाकटी जयवंता आर्वीला शिकून सायन्सला बारावी पास झाली, ते साल ब्याऐंशी. तिला नर्स व्हायचं होतं. गावात एकदा एका बाळंतपणाला नर्सबाई आली होती. तिनं पाटलालाच "बाहेर थांबा" म्हटलं, आणि पाटील मुकाट्यानं बाहेर जाऊन थांबले. जयवंतानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

घरात शब्द चाले किसनरावांचा. ते आनंदाबाईचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. नर्सिंगचं नाव ऐकताच ते उसळले, "रातपाळ्या करनाऱ्या पोट्टीले कोन करते? दिवाळीनंतर उजवून टाकू." पण गावचे दुकानदार वासुदेवराव म्हणाले, वर्ध्याला नवं कॉलेज निघालंय, तिथं नर्सिंगची डिग्री मिळते, विद्यापीठाची. डिग्री म्हटल्यावर किसनराव नरमले. "चला, पाहून येऊ. पसंत पडलं तर ठीक, नाई तर लगन."

वर्ध्याला जायच्या दिवशी किसनराव, आनंदाबाईचा नवरा चंद्रभान आणि वासुदेवराव गाडीत चढून पाहतात तो आनंदाबाई आधीच खिडकीशी बसलेली.

"तू कुठी?" किसनराव म्हणाले.

"मले बी पाह्याचं हाये."

"बाया जाते का पाह्याले?"

"एक घर तुमी पाह्यलं ना, भाऊजी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत बसली. चंद्रभान पिशवी मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसला.

कॉलेजच्या ऑफिसात काचेच्या कपाटात माणसाचा सांगाडा उभा होता. प्रिन्सिपॉल साहेबांनी सगळ्यांना हात जोडले, खुर्च्या दिल्या, शेंगदाणे घातलेले पोहे मागवले, वर चहा. म्हणाले, "सरकारी नोकरी तर दारात येते. बाहेर अरबस्तानात केवढी मागणी! जागा थोड्या आहेत, आजच शब्द द्या." किसनरावांची छाती फुगली. बशी खाली ठेवून त्यांनी शब्द दिला. पोरगी काय शिकणार, कोण शिकवणार, शिकून कुठं गेल्या आधीच्या पोरी, एकानंही विचारलं नाही.

आनंदाबाईनं बशीला हात लावला नव्हता. ती उठली आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

मागं नळावर पोरी कपडे धूत होत्या. गिरड गावाकडची एक पोरगी चादर पिळत होती. आनंदाबाईनं चादरीचं दुसरं टोक धरलं.

"काय शिकवते वं बाई इथं?"

पोरगी हसली. "मावशी, हा बाजूचा दवाखाना कोन चालवते वाटते तुमाले? आमीच. दिवसा आमी, राती आमी. शिकवाले एक बाई होती, ते बी सोडून गेली."

"आन परीक्षा?"

"पहिल्या वर्षाची झाली. विद्यापीठानं परवानगीच तेवढी देल्ली. पुढची येते, येते म्हनते. मी आता तिसऱ्या वर्षाले हाव. परीक्षेबिगर डिग्री कोन देईल? डिग्रीबिगर नोकरी कोन देईल?"

"मंग घरी काऊन नाई सांगत?"

पोरीनं चादर दोरीवर टाकली. "बाबानं गावभर पेढे वाटले, मावशी. कोन्या तोंडानं सांगू? तुमी बी माह्यं नाव घेऊ नका."

आनंदाबाई ताडताड ऑफिसात परतली. पोरीचं नाव तिनं घेतलं नाही. उभ्यानंच विचारलं, "साहेब, तिसऱ्या वर्षाच्या पोरींची परीक्षा कधी हाये?"

"विद्यापीठाचा विषय आहे, बाई. तुम्हाला नाही समजायचा."

"मले नाई समजत. भाऊजीले सांगा, तेयले समजते."

किसनराव छताकडे पाहू लागले. प्रिन्सिपॉल हसून म्हणाले, "अहो, हे लग्नाचं स्थळ नाही, असं उलटून पालटून पाहायला."

"मंग यायले व्याह्यावानी पोहे काऊन चारून राह्यले?"

वासुदेवरावांना ठसका लागला. साहेब मात्र जराही ओशाळले नाहीत. त्यांनी घंटी वाजवली आणि बाहेर बसलेल्या पुढच्या बापाला आत बोलावलं.

स्टँडवर किसनराव कडाडले, "मी शब्द देल्ला होता!"

"पोट्टी माही हाये, भाऊजी. शब्द तुमचा होता, तो तुमी ठेवा."

घरी जयवंता चुलीपाशी बसून रडली. "तुले माहं लगनच लावाचं होतं तं तसं सांग ना, माय!" हा घाव आनंदाबाईला सगळ्यात खोल लागला. तिनं समजावलं, पोरीनं ऐकलं नाही. सारा हिवाळा दोघी कपाशीच्या एकाच ओळीत कापूस वेचत, पण शब्द बोलत नसत. दिवाळीनंतर पाहुणे आले. आनंदाबाई दारातच उभी राहिली आणि पोरगी दाखवायची नाही म्हणाली. किसनरावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं ते टाकू दिलं.

पुढच्या जूनमध्ये ती एकटी नागपूरला जाऊन सरकारी दवाखान्याचा तीन वर्षांचा कोर्स पाहून आली. पास होऊन नोकरीला लागलेल्या पोरींशी वॉर्डाबाहेर बसून बोलली. मगच जयवंताला नेलं. शहाऐंशीच्या पावसाळ्यात जयवंता कारंज्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. तिचा कोर्स म्हणजे डिग्री नव्हती. खरी डिग्री घेतलेल्या पोरी पुढं तिच्यावर साहेबीण होऊन आल्या, आणि तशी डिग्री देणारं खरं कॉलेजही होतं, हे तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, याचाही आनंदाबाईला संताप होता. जयवंतापेक्षा जास्त.

वर्ध्याचं ते कॉलेज तर चालूच राहिलं. सत्त्याऐंशीत गावचे रूपराव तिथून हसत परतले. पोरीची जागा पक्की करून आले होते. आनंदाबाईला कळलं तेव्हा ती भाकरी टाकत होती. तवा उतरवून ती तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्या घरी गेली. बैठकीवरून सरळ आत, स्वयंपाकघरात शिरली.

"बाई वं," ती रूपरावांच्या बायकोला म्हणाली, "उद्या सकायच्या गाडीनं तू आन मी जाऊ."

"हे जाऊन आले ना?"

"तेयले राहू दे घरी. तू लुगडं काढून ठेव."